गाडीला अभ्यंग

आमच्या घरात थंडी आल्याची पहिली वर्दी खोबरेलाची बाटली देते. नरकचतुर्दशीच्या पहाटे ती मोरीच्या कोनाड्यातून काढावी, तळहातावर उपडी करून दोन थपडा माराव्यात आणि आतून काहीएक येऊ नये, की समजावे, ट्रंकेतल्या शाली वर काढायची वेळ झाली. मग ती बाटली गरम पाण्याच्या तपेल्यात उभी करायची, मुलांनी पाटावर कुडकुडत बसायचे, आणि "रात्रीच वितळवून ठेवायला काय झालं होतं?" हा प्रश्न घरातल्या कोणीतरी दरवर्षी विचारायचा. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठू लागते, असे शास्त्र सांगते. मला शास्त्राने सांगायची तशी गरज नव्हती. पंचेचाळीस दिवाळ्या मी ते गोठलेले पाहिले आहे.

आणि तरीही २०२५ सालच्या जानेवारीत, ऐन कडाक्याच्या थंडीत, मी त्याच बाटलीतले तेल वितळवून मोटारीच्या चामड्याच्या सीटांना चोळले. एम. ए. ला मराठी घेतले की माणसाचा व्यवहार कच्चा राहतो, असे आमचे हे म्हणत असतात. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, असले कबुलीजबाब द्यायला मी दिवाळी अंकाचीच वाट पाहत असते.

गाडी माझ्या वडिलांची, अण्णांची. अण्णा निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात डॉक्टर होते. १९७० साली त्यांनी दवाखाना थाटला आणि पुढच्याच वर्षी साखर कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याकडून १९५४ सालची मॉरिस मायनर विकत घेतली. तालुका थंडीचा. पारा पाच अंशांच्या खाली उतरला आणि द्राक्षबागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून घडांना ऊब देत बसले, अशी बातमी आपण हिवाळ्यात वाचतो ना, तेच हे निफाड. अशाच रात्री आमच्या दाराची कडी वाजायची. अण्णा स्वेटरवर कोट चढवायचे, पुढे वाकून हँडल मारायचे, आणि गाडी दोनदा खोकून तिसऱ्यांदा सुरू व्हायची. जाताना मागची सीट रिकामी असे. येताना बहुधा भरलेली.

त्या सीटवर काय काय घडले याची सगळी यादी घरोघर वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात देता येणार नाही. दोन बाळंतपणे तर नक्कीच. कारण ती दोन्ही 'बाळे' आता पन्नाशीला आली असून दर दिवाळीला आम्हाला फराळाचे डबे आणून देतात. उजव्या कोपऱ्यात आयोडीनचा डाग आहे. डाव्या अंगाला वीतभर चीर आहे; ती कोणाच्या तरी विळ्याची. ती चीर अण्णांनी स्वतः शिवली आहे, ऑपरेशनच्या रेशमी धाग्याने आणि डॉक्टरी गाठी मारून.

माझी आजी म्हणे प्रथम या गाडीत पाऊल ठेवीना. चामड्याला अंग लागले की सोवळे मोडले! शेवटी सीटवर धाबळी पसरून तोड निघाली. त्याच आजीच्या देवघरात आजोबांचे मृगाजिन होते आणि तिच्या माहेरी तूप चामड्याच्या बुधल्यातून येत असे. ही गोष्ट तिच्या नजरेस आणून देण्याचे धाडस अण्णांनी एकदाच केले. दुसऱ्यांदा केले नाही.

दरवर्षी दत्तजयंतीच्या आसपास अण्णा एक दिवस गाडीला देत. दारे उघडी टाकून, डिकीतला एक गंजका डबा आणि मऊ फडके घेऊन ते तासन्‌तास सीटा पुसत बसत. आम्ही मुले तेव्हा गाडीच्या भोवती खेळत असू. पण डब्यात काय आहे, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. पुढे अण्णा थकले, आई गेली, ते गाव सोडून नाशिकला माझ्याकडे आले. गाडीही आली. ती महिन्यातून दोनदा सुरू करायचे काम यांच्याकडे आले. सीटांचे काम मात्र कोणाकडेच आले नाही. पाच वर्षांत त्या कोरड्या पडल्या, काठाशी भेगाळल्या, आणि हिवाळ्यात बसताना जुन्या पलंगासारख्या कुरकुरू लागल्या.

अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन गावीच करायचे ठरले. त्यांची एकच अट होती: जायचे ते आपल्या गाडीतून. अलीकडे त्यांना माणसांची नावे सापडत नाहीत, सकाळचे जेवण दुपारी आठवत नाही. पण गाडीची अट ते रोज न विसरता सांगत होते. तेव्हा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी, गुरुवारी रात्री, मी पदर खोचला. माणसाला अभ्यंग, तर गाडीला का नको? एकेका सीटला वाटीवाटी तेल जिरवले. चामडे काळेभोर, तुकतुकीत दिसू लागले. घाम पुसून मी झोपायला गेले तेव्हा मला वाटले, अण्णांच्या कर्जातला निदान एक हप्ता आज फेडला.

आपल्या भाषेत म्हणतात ना, आईबापांना आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटत नाहीत. मी हा वाक्प्रचार वर्गात चोवीस वर्षे शिकवते आहे. माझ्या कातड्याचे सोडा; शुक्रवारी सकाळी गाडीचे दार उघडून पाहते तो, त्या मुक्या जनावराच्या कातड्याचीही मी वाट लावलेली! सगळ्या सीटांवर पांढुरकी साय धरली होती. शिवणींत तर ती चुन्यासारखी भरली होती.

"बुरशी!" हे म्हणाले. चिरंजीवांनी फोनवर शोध घेऊन व्हिनेगर सुचवले. मी बादलीत कडक पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा कालवला. रविवारी पांढरेशुभ्र धोतर नेसून अण्णा या सीटवर बसणार, हे एकच चित्र डोळ्यांपुढे होते.

एवढ्यात फाटक वाजले. अण्णांच्या व्हिजिटच्या बॅगेचा पट्टा तुटला होता. तो दुरुस्त करून घेऊन चर्मकारकाका आले होते. भद्रकालीच्या बाजूला त्यांचे लहानसे दुकान आहे. त्यांचे वडील नाशकातल्या टांग्यांचे लगाम आणि खोगिरे करीत. टांगे गेले, तशी काकांनी बॅगा आणि स्कूटरच्या सीटा हाती घेतल्या. त्यांनी बादलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि चपला काढून गाडीत डोके घातले.

"ताई, तेल कोणतं लावलंत?"

"खोबरेल."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी आपला पंजा सीटवर सपाट ठेवला आणि तो तसाच ठेवून अण्णांच्या तब्येतीची चौकशी केली. अर्ध्याएक मिनिटाने हात उचलला. त्या पांढऱ्या सायीत पाच बोटांचा काळाभोर, स्वच्छ ठसा उठला होता.

"बुरशी हाताच्या उबेनं जात नाही," ते म्हणाले. "हे तुमचं तेलच. थंडीनं वर येऊन गोठलंय."

मी ती सोड्याची बादली हळूच पायाने मागे सारली. पण काकांनी ती पाहिलीच. "सोडा तर बिलकूल नको. चामडं जातीचं आंबट असतं. त्याला सोडा लागला की जीव जातो त्याचा." पुढे मी आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले. ते म्हणाले, काकांचे बरोबर आहे. कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मीच ठेवलेले असते, आणि अल्कलीने त्याची घडण बिघडते. त्यांना हे सांगायला फळा लागला, काकांना लागला नव्हता.

'कमावलेले' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कातडे ते कच्चे. बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरवून, किंवा हल्ली बहुतेक ठिकाणी होते तसे क्रोमच्या क्षारांत घालून ते कमावले, म्हणजे त्याचे चामडे होते. पैसा कमवावा, शरीर कमवावे, तसेच कातडेही कमवावे. आणि कमावताना त्यात जे तेल मुरवतात तेच पुढे त्याच्या तंतूंना एकमेकांवरून सरकू देते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आतला ओलावा कमी होतो, गारव्याने तेल घट्ट होते, तंतू अडकू लागतात आणि चामडे कुरकुरते. एरवी आमच्या भाषेने कातड्याला फारसा मान दिलेला नाही. 'कातडीबचाऊ' म्हणा की 'गेंड्याच्या कातडीचा' म्हणा, शिवीच. कमावण्याचा हा एक शब्द मात्र तिने चामड्याला माणसाच्या पंक्तीला बसवून दिला आहे.

काका दुकानात परत गेलेच नाहीत. त्यांनी गाडी उन्हात आणून काचा बंद करायला लावल्या. बाहेर अंगावर शाल हवी अशी हवा. पण बंद गाडी तासाभरात आतून ऊबदार झाली. मग गाडी सावलीत घेतली, दारे उघडली. उन्हात काम करायचे नाही, ऊन फक्त उबेपुरते. डॉक्टरांचे घर असल्यामुळे शेकायची रबरी पिशवी होतीच. ती कोमट पाण्याने भरून, पंचात गुंडाळून काका सीटवर वीत वीत पुढे सरकवत गेले आणि मागोमाग मी कोरड्या फडक्याने वितळलेले तेल टिपत गेले. कढत पाणी घ्यायचे नाही. उष्णतेने चामडे आकसते आणि कडक होते. फडके कोणते घ्यावे, म्हणून मी आमचा एक टॉवेल आणला होता, तो त्यांनी नापसंत केला. "धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती काही?" मला अण्णांच्या डिकीतले फडके आठवले. बारीक किनारीचा, जुन्या पातळाचा तुकडा होता तो. काकांनी तो बोटांत चोळून पाहिला आणि मान डोलावली.

संध्याकाळी सीटांवर मुलतानी मातीची कोरडी पूड भुरभुरवून गाडी बंद केली. उरलेले तेल रात्रीतून मातीने ओढून घ्यायचे. शनिवारी सकाळी ती मऊ कुंचल्याने झाडली, तेव्हा ती पिठासारखी न उडता पिठल्यासारखी गोळा होऊन आली. मग खरी सफाई. धूळ आधी शिवणींतून काढायची, नाही तर फडक्याखाली तीच धूळ पॉलिशपेपरचे काम करते. कोमट पाण्यात नावापुरता सौम्य साबण, त्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके, मग नुसत्या पाण्याचे, मग कोरडे. उन्हाळ्यात चुकून पाणी जास्त झाले तर घटकेत वाळते; थंडीत ते शिवणीतून आतल्या भरतीत उतरते आणि तिथेच बसते. त्यातून मात्र खरी बुरशी येते. म्हणून हे काम सकाळी अकराच्या आत सुरू करू नये आणि उन्हे कलल्यावर चालू ठेवू नये. वाळवण्यासाठी मी हेअर ड्रायर आणला होता, त्याचीही गत टॉवेलासारखीच झाली.

दुपारी काकांनी खिशातून एक डबी काढली. एरंडेल, मधमाशांचे मेण आणि लोकरीची चरबी मंद आचेवर एकजीव करून त्यांचे वडील खोगिरांसाठी हे मलम करीत. काका अजून करतात. एरंडेल आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही, ही त्यातली मेख. त्यांनी बोटाच्या पेरावर येईल एवढेच मलम घेतले, दोन्ही तळव्यांत चोळून ते पातळ केले, सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर आधी लावून पाहिले, आणि मग फडक्याने गोल गोल फिरवत पसरले.

"एवढंसं?" मी विचारले. मी तर वाट्या ओतल्या होत्या.

"आपल्या अंगाला जास्त झालं तर घामातून जातं, साबणानं जातं. याचं तसं नाही. हे आता घामेजत नाही, भरूनही येत नाही. जे द्याल ते घेऊन बसतं." तासाभराने वर राहिलेले सगळे पुसून काढले. पुढचे बोट त्या चिरेवर आले तेव्हा ते थांबले. "हा टाका कोणाचा?"

मी सांगितले.

"हात चांगला आहे डॉक्टरांचा. पण टाके लई जवळ घातलेत. कातड्याला चालतं, ते जुळून येतं. चामड्याला जवळजवळ भोकं पाडली, की ते पोस्टाच्या तिकिटासारखं तिथंच फाटतं." मला वाटले ते आता उसवून पुन्हा शिवणार. त्यांनी उलट त्या टाक्यावर थोडे जास्त मलम लावले. "राहू द्या. पन्नास वर्षं टिकलंय."

मजुरी विचारली तर त्यांनी फक्त पट्ट्याचे पैसे घेतले. बाकीचे घ्यायला मी त्यांना भाग पाडले. पण त्यासाठी मला अण्णांची शपथ घालावी लागली.

त्या रात्री टोरांटोहून भावाचा फोन आला. सारी कथा ऐकून तो पोटभर हसला आणि मग त्यानेही आपली भर घातली. तिकडे उणे वीस अंशांत गाडी बाहेर उभी असली की सीट पुठ्ठ्यासारखी होते. तिच्यावर धपकन बसले तर वरच्या रंगाच्या थराला तडा जातो. पाणी मिसळलेल्या मलमाची बाटली गाडीत राहून गोठली तर आतले पदार्थ फाटतात, म्हणून ती घरातच ठेवतात. आणि सीट तापवायच्या सोयीने माणूस सुखावतो, पण चामडे आणखी कोरडे पडते.

वाचकांपैकी पुष्कळांच्या दारात आता नव्या गाड्या असतील, आणि जुन्या मॉरिसचे हे कौतुक कशाला, असे त्यांना वाटेल. त्यांच्यासाठी काकांनीच एक परीक्षा सांगितली आहे. सीटवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो अळूच्या पानावरच्या थेंबासारखा उभा राहिला तर चामड्यावर रंगाचा पक्का थर आहे. मलमाचे तिथे फारसे काम नाही, मऊ ओलसर फडक्याने थर स्वच्छ ठेवला की बहुतेक झाले. थेंब जिरून काळा डाग पडला तर चामडे उघडे आहे, तिथे पाणी आणि मलम दोन्ही जपून. पुष्कळ गाड्यांत बसायची जागा तेवढी चामड्याची आणि कडा कृत्रिम असतात. त्या कडांना कोणी कितीही प्रेमाने मलम चोळले तरी त्यांना ते कळणार नाही. आमच्या जाऊबाई दोन वर्षे चोळत होत्या.

रविवारी सकाळी आठ वाजता अण्णा धोतर नेसून तयार होते. मी दार धरले. ते आत बसले, जरा हलून पाहिले. सीट कुरकुरली नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि हे गाडी चालवू लागले. आडगाव मागे पडले, ओझरही गेले. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. मधेच त्यांनी हात सीटवरून फिरवला, बोटे नाकाशी नेली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "खोबरेल लावलं होतंस?"

मी 'हो' म्हणाले. तीन दिवस खपून घालवलेला वास!

"मीही लावलं होतं. बहात्तर साली. दुष्काळाचं वर्ष, हवा अशी कोरडी! म्हटलं, भरपूर लावावं." ते थोडे थांबले. "तुझी आई लग्नानंतर पहिल्यांदा गाडीत बसली ती त्या दिवशी. कोरं पांढरं पातळ नेसून."

"मग?"

"मग काय? डाग निघाला नाही. फेकून देते म्हणाली. मी दिलं नाही फेकू." आणि मागे डिकीच्या बाजूला अंगठा दाखवून त्यांनी विचारले, "आहे ना अजून?"